खड्ड्याची राखण

तीन मैलांचा रस्ता म्हणजे काय असतं, हे ज्याने तो एकतीस वर्षं खरवडला, बुजवला आणि त्याच्यावरचं पाणी वाटेला लावलं, त्यालाच विचारावं. मैलदादाला विचारलं की तो आधी उजवा हात पुढे करायचा. तळव्यात फावड्याच्या दांड्याने पडलेला घट्टा होता, सुपारीएवढा. नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी घट्टा तिथेच. "पेन्शनला उशीर होतो, हा मात्र कधी खाडा करत नाही," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

तो मैलकुली म्हणून लागला तेव्हा रस्ता मैलांत मोजत. पुढे किलोमीटर आले, दगडांवरचे आकडे बदलले, तरी त्याचं नाव मैलदादाच राहिलं. तीन मैलांत रस्त्याखालून पाणी जायच्या सात मोऱ्या, चार वळणं आणि एक चढ. हे सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. मोठं काम निघालं की गँग यायची, मुकादम यायचा, रोलर यायचा. बाकी वर्षभर तो, फावडं, घमेलं आणि खडी-माती ठोकायचं धुम्मस. तो सुटला आणि त्याच्यामागे ती जागाच बांधकाम खात्याने रद्द केली. आता वर्षाकाठी दोनदा गाडी यायची, खड्ड्यांत डांबर ओतायची आणि धूर सोडत पुढे जायची.

"माझ्या तीन मैलांत एकतीस वर्षांत कुणाचं हाड मोडलं नाही," हे त्याचं वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं.

"रस्त्यावर नाही मोडलं," त्याची बायको म्हणायची. "घरात माझी मोडली, ती कोण मोजतो?"

नोकरी गेली तरी सवय गेली नव्हती. सकाळी चहा झाला की तो काठी घेऊन निघायचा आणि पहिल्या मोरीपासून सातव्या मोरीपर्यंत जाऊन यायचा. वाटेतला दगड पायाने बाजूला करायचा. तुंबलेली चर काठीने मोकळी करायचा. तो उंबऱ्याबाहेर पडला की बायको आतून म्हणायची, "निघाले सवतीकडे."

त्या साली पावसाने जाता जाता घोळ घातला. भुईमूग उपटून झाला होता, अंगणात वेलांचे ढीग पडले होते, आणि रोज दुपारनंतर आभाळ भरून यायचं. वेल भिजले तर शेंगांना मोड येणार. दोघं म्हातारा-म्हातारी दिवसभर शेंगा तोडत बसायची. बोटांची साल निघायची. लेक तिच्या सासरी, मदतीला माणूस मिळेना.

अशातच एका सकाळी पाचव्या मोरीवर मैलदादा थबकला. रस्त्याच्या डाव्या कडेला डांबर जरासं खचलं होतं. वरून बघणाऱ्याला वाटावं, असेल घमेल्याएवढा खड्डा. त्याने काठी आत घातली. काठी मुठीपर्यंत गेली आणि तळ लागला नाही. खालची माती पाण्याने धुऊन नेली होती. वर डांबराचा पापुद्रा आणि आत एखादं जनावर बसेल एवढी पोकळी.

तो तसाच तडक खात्याच्या चौकीवर गेला. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्यासमोरच्या झाडाखाली एकेकाळी सकाळी सातला चाळीस माणसांची हजेरी लागायची. आता आत एक टेबल होतं आणि टेबलामागे नवा मुकादम. त्याला मुकादम होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण मैलदादाच्या लेखी तो नवाच. त्याला धुम्मस धरायला मैलदादानेच शिकवलं होतं.

"पाचवी मोरी पोकळ झालीय," मैलदादा म्हणाला. "आज माणसं पाठव."

"माणसं कुठून आणू दादा? दोघं आहेत, तेही साहेबांच्या बंगल्यावर."

"मग वहीत तरी लिही."

मुकादमाने वही उघडली, पेन उचललं आणि परत ठेवलं. "लिहिलं तर चोवीस तासांत बुजवावं लागतं दादा. नाही बुजवला की माझ्यावर येतं. उघडीप पडू द्या, चार दिवसांत करून टाकतो. तोवर तुम्हीच बघा जरा. तुमच्याएवढं त्या रस्त्याचं कुणाला कळतंय?"

लिहायला हवं होतं, हे मैलदादाला कळत होतं. पण 'तुम्हीच बघा' हे शब्द सहा वर्षांत त्याला कुणी म्हटले नव्हते. मुकादमाने कोपऱ्यातलं एक जुनं लाल निशाण झटकून त्याच्या हातात दिलं, आणि म्हातारा परतीची वाट अशी चालला की समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून विचारलं, "काय दादा, लग्न ठरलं की काय?"

घरी येऊन त्याने पेटीतला खाकी सदरा काढून अंगात घातला. तो आता पोटावर ताणला जायचा. माळ्यावरचा चुना भिजवला. बायको शेंगा तोडता तोडता बघत होती.

"डिंक घाला त्यात," ती म्हणाली.

"दोन-चार दिवसांचं काम. डिंक कशाला?"

"पावसाचे दिवस आहेत म्हणून म्हटलं. आता माझं का ऐकाल, मुकादम झालात ना!"

रस्त्यावरच्या दगडांचा चुना हा भिंतीच्या चुन्यासारखा नसतो. त्यात डिंक उकळून घालायचा, मग तो पावसाला दाद देत नाही. हे मैलदादाने स्वतः दोन पिढ्यांना शिकवलं होतं. पण घरात डिंक नव्हता, दुकान लांब होतं, आणि त्याला परत मोरीवर जायची घाई झाली होती. त्याने चुना तसाच फासला. खड्ड्याच्या अलीकडे पाच आणि पलीकडे पाच असे पांढरे दगड मांडले, मधे निशाण रोवलं, आणि टॉवेल पसरून कडेला बसला. त्या दिवसापासून रात्रीची शेवटची एसटी गेली की तो घरी जायचा आणि पहाटेची पहिली यायच्या आत परत येऊन बसायचा.

बसायचं हा नियम होता. त्याचा पहिला मुकादम, बुटका आणि तोंडाचा फाटका माणूस, पहिल्याच दिवशी गँगला सांगायचा, "खड्डा एकटा सोडायचा नाही. भूक लागो, पाऊस लागो, बुजेपर्यंत त्याच्याजवळ माणूस पाहिजे. दगड मुका असतो, माणूस ओरडू शकतो." मग पाळ्या लागायच्या. राखणीची पाळी म्हणजे सुखाची पाळी. फावडं नाही, टोपली नाही, नुसतं बसायचं आणि आल्या-गेल्याला हात दाखवायचा. गाड्या हळू व्हायच्या, माणसं दोन शब्द बोलायची. कुणी विडी द्यायचं, कुणी ख्यालीखुशाली विचारायचं. तालुक्याचे साहेब जीपच्या नाकावर पाण्याचा पेला ठेवून त्याच्या तीन मैलांतून गाडी चालवायला लावायचे. पाणी सांडलं नाही की त्या दिवशी गँगला अर्धी सुट्टी. ते दिवस आठवले की मैलदादाला ते कुणाला तरी सांगावेसे वाटायचे, आणि समोर माणूस नसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोच वेलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मोरीवर आली.

"घरी एकटीने तोडण्यापेक्षा इथे दोघं तोडू," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी फतकल मारून बसली.

दोघं शेंगा तोडू लागली. गाडी आली की तो उठून निशाण दाखवायचा, ती शेंगा तोडत राहायची.

"आठवतं का?" त्याने विचारलं. "याच मोरीचं काम होतं. तू खडीच्या पाट्या वाहायचीस."

"पाट्या कसल्या, डोंगर वाहायचे. आणि तुम्ही पाटी भरताना माझ्या पाटीत दोन खोरी कमी टाकायचात."

"तुला कळायचं?"

"डोक्यावर ओझं कुणाच्या होतं?" ती म्हणाली. "सगळ्या बायकांना कळायचं. मला त्यावरून चिडवायच्या."

तो लाजला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण कान लाल झाले. त्या दोन-तीन दिवसांत तो जितका सुखी होता तितका सहा वर्षांत कधी नव्हता.

चौथ्या दिवशी बायकोचं अंग दुखत होतं म्हणून ती घरी राहिली. उघडीप पडली होती, पण चौकीकडून कुणी फिरकलं नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली तसं आभाळ पुन्हा काळवंडलं. मैलदादा टॉवेलवर मांडी घालून बसला होता. खाकी सदरा चिखलाने माखला होता, दाढी वाढली होती. एक मोठी गाडी आली, पांढरे दगड बघून हळू झाली. तो उठून हात दाखवणार एवढ्यात काच खाली आली. आतून एक गोरापान हात बाहेर आला आणि टॉवेलवर एक नाणं टाकून गेला.

"जेवून घ्या हं बाबा," आतली बाई म्हणाली. आवाज मायेचाच होता. गाडी निघून गेली.

मैलदादा त्या नाण्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने कुणापुढे हात पसरला नव्हता. आधी त्याला हसू आलं, मग हसू येईना. त्याने नाणं उचलून खड्ड्यात टाकलं. ते पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग त्याने टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि मागे न बघता घराकडे चालू लागला.

"लवकर आलात?" बायकोने विचारलं.

"पाऊस येतोय," तो म्हणाला.

पाऊस आलाही. कौलांवर तडतड वाजत तासभर कोसळला. मैलदादा दारात उभा राहून बघत होता. एकदा त्याने काठी हातात घेतली आणि परत कोपऱ्यात ठेवली.

सकाळी दूधवाल्याकडून कळलं. पलीकडच्या गावची शिलाईबाई दुकान बंद करून दिवेलागणीला स्कूटीवरून घरी चालली होती, ती मोरीवर पडली. उजवं मनगट चुरडलं होतं. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

मैलदादा मोरीवर गेला. चुना पार धुऊन गेला होता. दगड डांबरासारखे काळे दिसत होते, आणि चुन्याचा एक पांढरा ओघळ रस्त्यावरून चरीत उतरला होता. निशाण आडवं पडलं होतं. दहातला एक दगड जागचा हलून हातभर लांब गेला होता आणि त्याच्यावर चाकाचा व्रण होता. चिखलात कापडाचे कापलेले तुकडे रुतले होते, त्यांच्यावर खडूच्या खुणा अजून दिसत होत्या. म्हणजे ती आधी दगडाला धडकली होती आणि मग खड्ड्यात गेली होती. हे वाचायला त्याला कुणाची मदत लागली नाही.

त्याच दुपारी दोन ट्रॅक्टर मुरूम आणि सहा माणसं आली. कुठून आली देव जाणे. तासाभरात खड्डा बुजला. दगडही त्यातच गेले. मैलदादा त्या दिवसानंतर रस्त्यावर फिरायला जायचा बंद झाला. बायको सवतीचं नाव काढेनाशी झाली, आणि 'हाड मोडलं नाही' हे वाक्यही गावाने पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात एक वकीलबाई घर विचारत आली. पोरसवदा, पायांत धुळीने माखलेल्या चपला, हातात फायलींची पिशवी. अंगणात बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "आजोबा, त्या मोरीवर तुम्ही बसायचात असं एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी शिलाईबाईंची वकील."

मैलदादाने मान हलवली.

"खातं कोर्टात म्हणतंय की आम्हाला खड्डा ठाऊकच नव्हता. वहीत नोंद नाही, तक्रार नाही. आदल्या रात्रीतून पडला असेल. ठाऊक नसेल तर त्यांची जबाबदारी येत नाही. ठाऊक असून बुजवला नाही, हे दाखवता आलं तर येते. तुम्ही चौकीवर कुणाला सांगितलं होतं का?"

"आणि दगडांचं काय म्हणतात?" मैलदादाने विचारलं.

"म्हणतात, कुणा अज्ञात इसमाने ठेवले. त्याच्याशी खात्याचा संबंध नाही."

मैलदादाच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "विचार करून सांगतो," एवढंच तो म्हणाला.

वकीलबाई गेली आणि दुसऱ्या दिवशी नवा मुकादम आला. बातमीला पाय असतात. आल्या आल्या त्याने वाकून दोघांना नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसला.

"दादा, माझी नोकरीची पाच वर्षं राहिलीत. लिहिलं नाही ही माझी चूक. पण तुम्ही 'सांगितलं होतं' म्हणालात की मी गेलो. आणि तुम्हीही सुटत नाही. दगड कुणी ठेवले, हा पुढचा प्रश्न. बाई दगडाला धडकलीय. अज्ञात इसम म्हणालेत, तो इसम अज्ञातच राहू द्या ना. तुम्ही नुसतं म्हणा, म्हातारपण आहे, आठवत नाही."

"हाताचं काय तिच्या?" मैलदादाची बायको चुलीजवळून म्हणाली.

"वहिनी, वाईट वाटतं हो. पण आपण काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कोण करतं?" ती म्हणाली. "चहा घ्या."

मुकादम चहा पिऊन गेला. जाताना त्याचे डोळे भरले होते. मैलदादाला तो पहिल्या दिवशीचा आठवला. धुम्मस उचलताना स्वतःच्याच पायावर आपटून घेऊन तो असाच डोळे भरून उभा राहिला होता. त्या वेळी मैलदादाने त्याचं काम तीन दिवस करून हजेरी त्याच्या नावावर लावली होती.

"काय करू?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? आधी त्या बाईचा हात बघून या. मग ठरवा."

तो सदऱ्याचं कापड घेऊन शिलाईबाईच्या दुकानात गेला. दुकान लहान, दोन मशिनं, भिंतीवर कागदी मापं टांगलेली. एका मशिनवर तिची बहीण बसली होती. शिलाईबाई चाळिशीची, बोलकी. तिने टेप डाव्या हातात घेतली.

"हात पसरा बाबा," ती म्हणाली.

मैलदादा दोन्ही हात पसरून उभा राहिला. ती छातीचं माप घेऊ लागली. उजव्या हाताने टेपचं दुसरं टोक धरायला जायची आणि ते निसटायचं. मनगटावरून कोपरापर्यंत टाक्यांची शिवण गेली होती, बोटं अर्धी मिटलेली.

"पडले मी," त्याची नजर बघून ती म्हणाली. "आता शिवणं जमतं कसंबसं. कापणं नाही जमत. कात्री बहिणीकडे दिली. तिचं कापणं सरळ जात नाही, गिऱ्हाइकं बोलतात. शिवणारे पुष्कळ असतात हो, दुकानाचं नाव कापणाऱ्यावर असतं. वीस वर्षं मी कापलं, एक कापड वाया घालवलं नाही." तिने खांद्याचं माप घेतलं. "खड्ड्याचं एक सोडा, पाण्याने पडतो खड्डा. पण कुणी मेल्याने रस्त्यात दगड ठेवला होता. अंधारात, काळा दगड. त्याचे हात झडोत. मान वर करा बाबा."

मैलदादाने मान वर केली. तिची गार बोटं त्याच्या गळ्याभोवती टेप फिरवत होती.

"कधी न्यायला याल?" तिने विचारलं.

"येईन," तो म्हणाला. पण तो सदरा आणायला त्याचा पाय पुन्हा त्या वाटेला वळला नाही.

कोर्टात त्याचा नंबर यायला आणखी एक पावसाळा गेला. एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, एकदा खात्याचा वकील आजारी. बायको प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर यायची आणि बाहेरच्या बाकावर शेंगा सोलत बसायची. शेवटी एका दुपारी त्याला आत बोलावलं. खोलीत पंखा होता, तो हवा सोडून बाकी सगळं करत होता. शिलाईबाई पुढच्या बाकावर होती. मैलदादाला बघून ती चमकली. सदऱ्याचं गिऱ्हाईक इथे कसं, हे तिला कळेना. मुकादम सगळ्यात मागे, दाराजवळ बसला होता.

वकीलबाईने विचारलं, त्याने सांगितलं. कोणत्या दिवशी खड्डा दिसला, काठी किती आत गेली, चौकीवर कोण होतं, वही कशी उघडली आणि कशी मिटली. सांगताना त्याने दाराकडे पाहिलं नाही.

मग खात्याचा वकील उठला. "खड्डा पडला तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मग त्या रस्त्याशी तुमचा संबंध काय?"

"मुकादम म्हणाला, तोवर तुम्हीच बघा. निशाण दिलं."

"लेखी काही?"

"मागितलं होतं साहेब. तो म्हणाला, लिहिलं तर बुजवावं लागेल."

कोर्टात कुणीतरी खुसकन हसलं. वकिलाने कागद उलटले. "दगड कुणी ठेवले?"

"मी."

शिलाईबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला ते दिसलं.

"चुना पावसात धुऊन जातो, हे तुम्हाला, एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला, ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. डिंक घालायचा असतो. मी घातला नाही."

"आणि त्या संध्याकाळी तुम्ही पाऊस आला म्हणून निघून गेलात."

इथे 'हो' म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. पाऊस खराच आला होता, वय खरंच झालं होतं. बायकोलासुद्धा त्याने तेच सांगितलं होतं.

"नाही," मैलदादा म्हणाला. "पाऊस मागून आला. मी आधीच उठलो होतो."

"का?"

"गाडीतून कुणीतरी माझ्यापुढे पैसा टाकला. भिकारी समजून. मला राग आला. मी उठून गेलो." तो पुढे म्हणाला. "तीस-एकतीस वर्षांत पाळी सोडून कधी उठलो नव्हतो साहेब. त्या दिवशी उठलो."

"म्हणजे बाईंच्या पडण्याला जबाबदार तुम्ही?"

"त्या दिवशी रस्ता माझ्याकडे होता," मैलदादा म्हणाला. "जबाबदार मीच."

खात्याचा वकील समाधानाने बसला. पण वकीलबाईच्या चेहऱ्यावर त्याच्याहून जास्त समाधान होतं, आणि ते का, हे मैलदादाला त्या दिवशी कळलं नाही.

ते निकालाच्या दिवशी कळलं. त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणहून गेला. साहेबांनी वाचून दाखवलं. खड्डा खात्याला ठाऊक होता. नोंद टाळली, म्हणून ठाऊक असणं टळत नाही. दगड ठेवणारा कुणी परका नव्हता. खात्याच्या मुकादमाने त्याला नेमलं होतं, निशाण दिलं होतं. सबब ते चार दिवस तो खात्याचाच माणूस होता, आणि राखण अर्धवट सोडण्यात त्याची जी चूक झाली ती खात्याची चूक होय. भरपाई खात्याने द्यावी.

वकीलबाई बाहेर येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही 'रस्ता माझ्याकडे होता' म्हणालात ना, त्याच वाक्यावर जिंकलो आपण. खात्याला तुम्हाला झटकून टाकता आलं नाही."

मैलदादा हसला नाही. सहा वर्षं तो ज्याच्यासाठी झुरला होता ते कोर्टाने शिक्का मारून त्याला दिलं होतं. चार दिवस का होईना, पुन्हा रस्त्याचा माणूस केलं होतं. आणि त्याच चार दिवसांत त्याच्या तीन मैलांवर एक हाड मोडलं होतं. आता ते कागदावर आलं होतं. मुकादम त्याच्याजवळून खाली मान घालून गेला. त्याच्यावर चौकशी लागली होती.

एसटीला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर शिलाईबाई एकटी बसली होती. मैलदादा लांब खांबाजवळ उभा राहिला. तिनेच हाक मारली.

"बाबा."

तो जवळ गेला.

"मी तुम्हाला शिव्या दिल्या होत्या त्या दिवशी. तोंडावर."

"बरोबरच होत्या."

"ते नाही म्हणत मी." ती म्हणाली. "दोन वर्षं मला वाटत होतं, कुणाला कशाची पडलेलीच नाही. खड्डा असो, बाई पडो, कुणी बघायला नाही. तुम्ही चार दिवस तिथे बसला होतात, हे मला ठाऊक नव्हतं."

"बसलो होतो गं बाई," मैलदादा म्हणाला. "पण उठलो."

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हो," ती म्हणाली. "उठलात."

तिने ते पुसून टाकायला दुसरं काही म्हटलं नाही. डाव्या हाताने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली. मैलदादा तिच्याशेजारी बसला.